ओळखीचं बोट

येमूल टेक्स्टाइलच्या डिझाइन खोलीतला कॉम्प्युटर श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी बंद पडला. मुकाट्यानं पडला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण दोन हजार चव्वेचाळीस सालातले कॉम्प्युटर मुकाट्यानं काही करत नाहीत. पडदा काळा झाला आणि आतून बातम्या देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ आवाज आला, "माझ्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गंज आहे. त्या जागी पाच वेळा ओला पदार्थ लावला गेला आहे. कंपनीला कळवले आहे."

समोर बसलेल्या इंदुमती दासरीचा हात माऊसवर तसाच राहिला. पाच वर्षं ती या मशीनवर सोलापुरी चादरींच्या नक्ष्या काढत होती. नेमके मागे दारात मालक येमूल शेठ उभे होते. त्यांनीही सगळं ऐकलं.

"इंदूताई, हे काय म्हणतंय ओ?"

"मला काय माहीत शेठ! मी त्याच्याजवळ पाण्याची बाटलीसुद्धा ठेवत नाही."

"मग लावलं कोणी? मी लावलं?"

शेठ स्वभावानं वाईट नव्हते, पण बाजूच्या शेडमध्ये नवी नक्षी मिळेना म्हणून आठ माग उभे होते. त्यांनी अंबक्काला फोन लावला.

अंबक्का बिंगी एकसष्ट वर्षांची. अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. परकरात होती तेव्हापासून तिनं बिड्या वळल्या. चाळिशी जवळ आली तेव्हा बिडीचा कारखाना बंद पडला आणि ती भावाच्या दुकानात कॉम्प्युटरची धूळ झाडायला बसली. भावाच्या लक्षात आलं की बहिणीची बोटं काही वेगळीच आहेत. रॅमची पट्टी खाचेत नीट बसली की नाही हे तिला डोळे मिटून कळायचं. पानात तंबाखू किती भरली हे हजारात एकदाही न चुकता ज्या बोटांना कळत होतं, त्यांना खाच कळायला काय जड! भाऊ पुढं पुण्याला गेला. दुकान तिचं झालं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती.

अंबक्का आली. भिंतीतून प्लग काढला आणि चालू करायचं बटण दाबून धरत मोजलं, "ओकटी, रेंडू, मूडू..." असं दहापर्यंत. आत अडून राहिलेली वीज अशी निघून जाते. आकडे मात्र तिला आईच्या भाषेत, तेलुगूतच यायचे. मग झाकण न उघडताच तिनं पेटी पोत्यात गुंडाळली.

"दुकानात नेते. इथं कापूस उडतोय. उद्या सांगते."

"अक्का," शेठ हळूच म्हणाले, "कंपनीचा निरोप आलाय. आठ दिवसांत नाव पाहिजे."

"कसलं नाव?"

"ज्यानं हात लावला त्याचं. ते हाताळणीच्या यादीत जाणार."

अंबक्कानं पोत्याची गाठ आवळली. ती यादी तिला माहीत होती.

आता हे बोलके बोर्ड काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पोटात जो मोठा हिरवा बोर्ड असतो, ज्याला मदरबोर्ड म्हणतात, तो कागदाच्या गड्ड्यासारखा थरांचा बनलेला असतो. सात-आठ वर्षांपूर्वी या थरांच्या मधे एक नवा पातळ पापुद्रा घालायची युक्ती निघाली. या पापुद्र्यावर दाब पडला, की त्यातून विजेची अगदी बारीक लहर निघते. ऊन लागलं, ओल लागली, स्क्रू जास्त पिळला, तरी लहर बदलते. बोर्डावरची एक वेगळी चिप या लहरी मोजते. मशीन बंद असलं तरी बटणाएवढ्या सेलवर ती जागी असते, आणि बोलतेही तीच. आपल्या अंगाला मुंगी चावली तर कुठं चावली ते आपल्याला कळतं, तसं बोर्डाला कळू लागलं.

पण नुसतं कळून काय उपयोग? ते ध्यानात राहिलं पाहिजे. म्हणून या बोर्डांचं फर्मवेअरही नव्या पद्धतीचं होतं. फर्मवेअर म्हणजे मशीनला जागं झाल्याबरोबर पहिलं काय करायचं हे सांगणारी शिकवण. ती एका छोट्या चिपमध्ये लिहिलेली असते. पूर्वी ती शिकवण कारखान्यातून येई तशीच राही. आता त्या चिपचे दोन कप्पे झाले. एकात कंपनीची शिकवण, दुसऱ्यात बोर्ड स्वतः काय शिकला ते. आपल्या खोलीत उकाडा किती, वीज कधी कमी होते, आपल्याला कोण, कसं, कोणत्या क्रमानं उघडतं, सगळं त्यात.

यातून दुरुस्ती सोपी झाली, हे खरंच. पण दुसरी एक गोष्ट झाली. माणसापेक्षा बोर्डावर विश्वास वाढला. बोर्डानं एखाद्याकडं बोट दाखवलं, की कंपन्या ते नाव यादीत घालत, आणि यादीतल्या माणसाला बोलक्या बोर्डाच्या मशीनवर कुठंच काम देत नसत. सोलापुरात आता दुसरी मशीनं राहिली होती किती?

दुकानात अंबक्कानं पेटी उघडली. बाहेरच्या बाकावर तिचा नवरा नागनाथ शेंगा सोलत बसला होता. तो मागावरचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळं त्याला कमी ऐकू यायचं आणि तो मोठ्यानं बोलायचा.

"काय झालंय गं त्याला?"

"बघते."

तिनं आधी वीज देणारा डबा दुसऱ्या बोर्डावर लावून तपासला. चांगला होता. सेल बदलला. रॅमची एकच पट्टी ठेवून चालू केलं. पंखा फिरला, पण सुरुवातीची शिट्टी आली नाही. शिट्टी नाही म्हणजे शिकवणच वाचता येत नाही. म्हणून तिनं भिंग घेऊन फर्मवेअरची चिप पाहिली. चिपच्या आठ पायांपैकी दोन हिरवट झाले होते आणि शेजारी वाळलेला लाल डाग होता. तिनं तो सुईनं खरवडला.

कुंकू.

अंबक्कानं भिंग खाली ठेवलं.

दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती येमूल शेठच्या कारखान्यात जायची. नवमीला हत्यारांची पूजा, मागाची पूजा, कॉम्प्युटरचीही पूजा. त्याआधी मशीन आतून स्वच्छ करून द्यायचं, हा तिचा रिवाज. ब्रशनं कापूस झाडायचा, रॅम काढून पुसायची, आधी उजवी मग डावी, आणि सगळं झालं की ओल्या कुंकवात बोट बुडवून बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात टेकवायचं. माणसाच्या कपाळाला लावतात तसं. दोन हलक्या टिचक्या, मग एक दाब. जुन्या बोर्डांवर ती जागा रिकामी असायची. बावीस वर्षांत एकही मशीन त्यापायी परत आलं नव्हतं. पण या नव्या बोर्डात कंपनीनं फर्मवेअरची चिप नेमकी तिथंच आणून बसवली होती. आणि कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुना हवेतली ओल धरतो, ओल विजेला वाट देते, आणि तांब्याचे पाय हळूहळू कुजतात. हे सगळं तिला माहीत होतं. दुसऱ्या कुणी बोर्डावर चुना लावला असता तर तिनंच त्याची कानउघाडणी केली असती. आपलं कुंकू हे पण एक रसायनच आहे, हे मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात इंदुमती दारात आली. दोघी बिडीच्या दिवसांपासूनच्या मैत्रिणी. शेठकडची नोकरी अंबक्कानंच तिला लावून दिली होती.

"अक्का, सापडलं का काय?"

"कुंकू आहे," अंबक्का म्हणाली.

इंदू मटकन स्टुलावर बसली. "मग मीच गं. खंडेनवमीला मी पेटीला कुंकू लावते ना. वरून लावते, पण फटीतून आत गेलं असणार. माझंच नाव सांगावं लागणार."

इथं अंबक्कानं बोलायला हवं होतं. तिनं सुईचं टोक पुसलं.

"बघू," एवढंच ती म्हणाली.

इंदू गेल्यावर नागनाथ आत आला. त्याला ऐकू कमी यायचं, पण बायकोचा चेहरा वाचायला कानाची गरज नव्हती.

"भूत दिसलं का काय तुला?"

"तुम्ही शेंगा सोला."

"सोलल्या. तूच खाल्ल्यास ना माझ्या वाटीतल्या पण? बघ, समोरची वाटी रिकामी झाली तरी तुला पत्ता नाही. काय झालंय सांग."

तिनं रिकामी वाटी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं इंदूला बोलावून घेतलं. रात्रभरात तिनं मनाशी एक वाट काढली होती, आणि त्या वाटेची तिला लाजही वाटत होती. कुणी सांगावं, इंदूचं कुंकूही आत झिरपलं असेल. पाचातलं एखादं बोट इंदूचं निघालं, तरी ओझं अर्धं होईल. गंजलेले पाय तिनं स्पिरिटनं पुसले होते. आता चिपला चिमटा लावला. या चिमट्यातून चिपमधलं सगळं वाचता येतं. पडद्यावर पाच नोंदी दिसल्या. प्रत्येकीत झाकण उघडं. प्रत्येकीत आधी रॅम निघालेली, परत बसलेली. आणि शेवटी लहान, लहान, मोठी, अशा तीन लहरी.

"इंदे, इथं बोट लाव. कुंकू लावतेस तसं."

इंदूनं साडीला बोट पुसलं आणि कोपऱ्यावर अलगद टेकवलं.

"अनोळखी स्पर्श," बोर्ड म्हणाला.

"परत लाव. जरा बिडीचं तोंड मिटतो तसं."

इंदूनं नखानं दाबून एक घडी घातल्यासारखं केलं.

"अनोळखी स्पर्श."

"अगं तसं नव्हे! तू आमच्या कारखान्यातली नव्हतीस ना, तुमच्याकडं वेगळं शिकवायचे. आम्ही आधी तंबाखू बसवायचो. ही बघ, अशी." आणि अंबक्कानं दोन टिचक्या मारून बोट दाबलं.

"ओळखीचं बोट," बोर्ड म्हणाला. "नमस्कार."

बाहेर बाकावर नागनाथ मोठ्यानं म्हणाला, "कोण आलंय गं? नमस्कार कोण म्हणालं?"

आत अंबक्काचं बोट अजून बोर्डावरच होतं.

"मी कालच ओळखलं होतं, इंदे," ती म्हणाली. "तू दारात आलीस तेव्हाच. आणि गप्प बसले."

इंदूनं साडीला बोट परत पुसलं. मग म्हणाली, "म्हणजे काल मी भात खाल्ला नाही, तो फुकट!"

"शिव्या दे, पण हसू नको बाई."

"शिव्या कशाला? शिव्या घालायच्या तर देवीलाही घालाव्या लागतील. तुझ्या कुंकवाला गंज चढतो, हे तिनं तरी सांगायचं!" मग तिचा आवाज उतरला. "हे बघ अक्का. मी आता सत्तावन्न. अजून दोन-तीन वर्षं बसणार. तुझं दुकान आहे. तुझं नाव यादीत गेलं तर सगळं बसलं. माझं सांगू या. मी तसंही कबूल केलंय."

"आणि तुझी मोराची चादर?"

चार महिने इंदू एक नवी नक्षी जुळवत होती. मोराच्या पिसात पीस, त्यात पीस, आणि सगळं मागाच्या दोऱ्यांच्या हिशोबात बसवलेलं. नक्षी अर्ध्याच्या वर झाली होती. दुसऱ्या कुणाला ती पुढं नेता आली नसती.

अंबक्कानं चिपच्या पहिल्या कप्प्यात कंपनीची ताजी शिकवण भरली. मग पडद्यावर प्रश्न आला, 'जुन्या आठवणी राखायच्या? हो / नाही.'

हा प्रश्न रोजचाच. गंजलेली चिप दुरुस्त करताना लोक बहुतेक 'नाही'च दाबत, कारण 'हो' म्हटलं की दुरुस्तीला दुप्पट वेळ लागतो. कुणी बोट दाखवलं नसतं. 'नाही' म्हटलं की पाच बोटं पुसली जाणार होती, आणि कुंकू कुणाचं हा प्रश्नच उरणार नव्हता. कंपनीला आपण कळवलं ते कशावरून, हे मग बोर्डालाही सांगता आलं नसतं.

"'नाही' दाब की," इंदू हळू आवाजात म्हणाली. "तुझंही जाणार नाही, माझंही."

अंबक्कानं बोट पुढं नेलं. ते बोट तिला स्वतःचं न वाटता दुसऱ्या कुणाचं वाटलं. बोर्डानं आत्ताच त्याला नमस्कार केला होता. पाच वर्षांत त्यानं त्या बोटाची तक्रार कधी केली नव्हती. दुखायला लागलं तेव्हाही नुसतं 'लावला गेला' म्हणाला, नाव घेतलं नाही. आणि ही त्याची आठवण पुसणार!

तिनं 'हो' दाबलं.

"वेडी आहेस," इंदू म्हणाली, आणि डोळे पुसायला उठून बाहेर गेली.

संध्याकाळी अंबक्का पेटी घेऊन स्वतः शेठकडं गेली. मशीन चालू झालं, शिट्टी वाजली, मोराची नक्षी जिथं थांबली होती तिथं उभी राहिली. शेठनं हात जोडले.

"नाव लिहून घ्या," अंबक्का म्हणाली. "अंबक्का नागनाथ बिंगी. कुंकू माझं आहे."

शेठनं चष्मा काढून पुसला. "अक्का, नका ओ चेष्टा करू."

"चेष्टा नाही. पाचही वेळा. नोंदी मी पुसल्या नाहीत, कंपनीला पाठवल्यात. इंदूचा हात त्यात नाही."

"मी तिला बोललो," शेठ हळूच म्हणाले. "काल. शेडमध्ये, सगळ्यांसमोर."

"मग सगळ्यांसमोरच परत बोला."

शेठ बोलले. मागाच्या शेडमध्ये, मशीनं थांबवून, सगळ्यांच्या देखत. इंदू नंतर सांगत होती की शेठ इतकं अडखळत बोलले, तिला वाटलं आता यांनाच पाणी द्यावं लागतंय.

कंपनीचं पत्र आठवड्यानं आलं. एक वर्ष अंबक्का बिंगी यांनी बोलक्या बोर्डाला हात लावायचा नाही. खाली एक ओळ होती, चिपची जागा पुढच्या नमुन्यात बदलण्याचा विचार करू. नागनाथनं ती ओळ तीनदा वाचून घेतली.

"म्हणजे चूक अर्धी त्यांची!"

"त्यांची त्यांच्याकडं. माझी माझ्याकडं."

"आता वर्षभर काय करणार?"

"तुमच्या शेंगा खाणार."

पण दुकान बसलं नाही. शहराच्या पूर्व भागात अजून शेकडो जुनी मशीनं होती, मुकी आणि धुळकट. लोक ती घेऊन आले. काही जण तर मुद्दाम आले, 'जिनं स्वतःचं नाव दिलं ती बाई' बघायला. आणि बोलका बोर्ड आला, की अंबक्का इंदूला निरोप पाठवायची. कारखाना सुटल्यावर इंदू यायची, अंबक्का खुर्चीत हात मागं बांधून बसायची, आणि सांगायची.

"आता उजवी पट्टी. हळू. टोकाला धर. तिथं नको गं, तिथं तुझं बाळ झोपलंय असं समज."

"मला बाळ नाही झालं, अक्का."

"मग माझं समज. नागनाथ झोपलेत असं समज."

बाहेरून नागनाथ ओरडायचा, "मी जागा आहे!"

दीड महिन्यात इंदूच्या बोटांनाही खाच कळू लागली.

खंडेनवमीचा आदला दिवस उजाडला. येमूल टेक्स्टाइलच्या डिझाइन खोलीत मशीन उघडलं. अंबक्का दारातल्या स्टुलावर, हात मागं. इंदूनं प्लग काढला, बटण दाबून धरलं आणि सवयीनं तेलुगूतच दहापर्यंत मोजलं. कापूस झाडला. रॅम काढली, पुसली, बसवली, आधी उजवी, मग डावी. झाकण लावलं. मशीन चालू केलं.

"देखभाल अपूर्ण," बोर्ड म्हणाला. "अखेरचा स्पर्श आला नाही."

इंदूनं अंबक्काकडं पाहिलं. अंबक्कानं छताकडं.

मोराची नक्षी उघडली. काम सुरू झालं. पंधरा मिनिटांनी परत तोच स्वच्छ आवाज, "अखेरचा स्पर्श आला नाही." अर्ध्या तासानं परत. शेठ धावत आले.

"हे काय म्हणतंय आता?"

"काही नाही शेठ," अंबक्का म्हणाली. "दरवर्षी शेवटी माझं बोट लागायचं. त्याला वाटतंय काम अजून संपलंच नाही. आठवण राखली ना मी त्याची."

"मग इंदूताई लावू देत की बोट!"

इंदूनं झाकण काढून बोट लावलं. दोन टिचक्या, एक दाब. हुबेहूब.

"अनोळखी स्पर्श," बोर्ड म्हणाला. "देखभाल अपूर्ण."

शेठनं कपाळाला हात लावला. उद्या सगळ्या शेडसमोर पूजा, आणि मधेच हे बोलत सुटणार! त्यांनी पत्रातल्या एका वर्षाचा विचार केला, अंबक्काकडं पाहिलं, आणि वळून भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचू लागले.

"मला काही दिसत नाही, अक्का."

"त्याला दिसतंय ना," अंबक्का म्हणाली. "लपवून नको. इंदे, माझी नोंद आधी लिही. नाव लिही. कारणही लिही."

इंदूनं कीबोर्डवर नाव लिहिलं. "कारण काय लिहू?"

अंबक्कानं आधी पेटीच्या पत्र्याला तळहात लावला, अंगातली वीज उतरू दिली. मग बोट पदराला पुसलं, कोरडं, स्वच्छ. कुंकवाची वाटी शेजारी होती. ती तिनं बाजूला सारली.

"लिही, 'बोर्डानं बोलावलं म्हणून.'"

दोन टिचक्या. एक दाब.

"ओळखीचं बोट," बोर्ड म्हणाला. "देखभाल पूर्ण."

आणि मग, त्या वर्षी पहिल्यांदाच, अंबक्काचं कुंकू बाहेरच्या पत्र्यावर लागलं, चांगलं रुपयाएवढं, सगळ्यांना दिसेल असं.